क्लाइनवाइडनचा दगड

"आज टोपली जड आहे, साहेब," पहारेकरी मात्स संग्रहपाल रायझाखच्या कानाशी लागून म्हणाला. "मागच्या शनिवारी रिकामी होती. मी उचलून बघितली होती."

रायझाखनं दाराच्या फटीतून दालनात नजर टाकली. काळा रुमाल बांधलेली ती खेडवळ म्हातारी आजही त्याच काचेच्या कपाटासमोर उभी होती. बाकीचे लोक दालनभर हिंडत, मोठ्या लोखंडी गोळ्यापाशी थबकत. ही मात्र सरळ क्लाइनवाइडनच्या दगडापाशी येई आणि दालन बंद व्हायची घंटा होईपर्यंत हलत नसे.

काउंट ट्राउनवाल्डचा व्हिएन्नातला हा संग्रह दर शनिवारी सगळ्यांना खुला असे. आभाळातून दगड पडतात असं म्हणणाऱ्याला विद्वानांनी आजवर वेड्यात काढलं होतं. कित्येक संग्रहांनी असे दगड कचरा म्हणून फेकूनही दिले होते. आता वारा फिरला होता, आणि जो तो तेच दगड गोळा करत सुटला होता. काउंटकडच्या दगडांची पहिली छापील यादी रायझाख तयार करत होता. विद्वत्सभेनं ती वाखाणली तर संग्रहाची नोकरी तहहयात त्याची. काही गडबड निघाली तर त्याच दिवशी चंबूगबाळं आवरायचं, असं काउंटनं तोंडावर सांगितलं होतं.

यादीचा सगळा जीव क्लाइनवाइडनच्या दगडात होता. तो काउंटच्याच जहागिरीत, भर दुपारी पडला होता. कारभाऱ्यानं पाद्र्यासमोर, गावकऱ्यांना क्रुसावर हात ठेवायला लावून साक्षी घेतल्या होत्या. अशी साक्ष आणि खाली मोहोर असली की दगड अस्सल, यावर कुणाचं दुमत नसे. शिवाय या दगडाचा एक गुण पॅरिस-लंडनच्या दगडांत नव्हता. दमट हवेत त्याच्यावर पांढरा थर फुटे आणि तो चक्क खारट लागे. येणाऱ्या प्रत्येक बड्या विद्वानानं तो चाटून पाहिला होता. आभाळाच्या वरच्या थरात मीठ असलंच पाहिजे, असं रायझाखनं त्यावरून ठरवलं आणि यादीत अख्खं प्रकरण लिहिलं. दगडाचे तुकडे कापून परदेशी पाठवले, बदल्यात तिकडचे दगड आले.

बर्लिनच्या एका धनाढ्याला मात्र उरलेला दगड सगळाच हवा होता. रायझाखनं त्याला नकार कळवला आणि पुढच्याच शनिवारी ही बाई उगवली. यात काळंबेरं नाही असं कोण म्हणेल?

तो हसऱ्या चेहऱ्यानं तिच्याजवळ गेला. "काय आजी, दगड आवडलेला दिसतोय."

"चांगला आहे."

"तुम्ही कुठल्या?"

"लांबची. यायला सगळा दिवस जातो."

"दगड बघायला एवढी पायपीट?"

"लोक मारियात्सेलच्या जत्रेला जातात की, साहेब. ते काय कोपऱ्यावर आहे?"

"आणि टोपलीत काय?"

"कांदे." तिनं टोपली दुसऱ्या हातात घेतली. "हे कपाट पुसायला कधी उघडता?"

"का हो?"

"सहज विचारलं. बारीक झालाय तो. कापलात वाटतं?"

कापण्याआधीचा दगड तिनं पाहिलेला असणं शक्यच नव्हतं. तेव्हा तो कपाटात मांडलेलाच नव्हता. कुणीतरी हिला पढवून धाडलंय, दुसरं काय!

त्यानं मात्सला डोळ्यानं खुणावलं. मात्सनं फडकं मारायला म्हणून कपाट उघडलं आणि कुलूप न लावताच तो निघून गेला. घंटेची वेळ झाली तसं दालन रिकामं होत गेलं. दोघं पडद्याआड दबा धरून बसले. डाव फसला तर दगडही जाईल आणि नोकरीही.

म्हातारीनं मागेपुढे पाहिलं. कपाट उघडलं, दगड दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरला. मग टोपलीतल्या कांद्यांखालून तसलाच एक काळा दगड काढून त्या जागी ठेवला.

"धर तिला!" रायझाख ओरडला.

मात्सनं तिचे खांदे पकडले. ती पळाली नाही, रडलीही नाही. रायझाखनं कपाटातला दगड उचलला. आकाराच्या मानानं तो भलताच जड होता.

"वा! वजन भरायला आत शिसं घातलंय काय? नकली ठेवून अस्सल पळवत होतीस!"

"बदलत होते, साहेब. नाही कशाला म्हणू?"

रायझाखला इतकं हायसं वाटलं की त्याला हसूच आलं. यादी वाचली, नोकरी वाचली. काउंटच्या समोर आता ताठ मानेनं उभं राहता येईल.

"बर्लिनवाल्यानं काय कबूल केलंय तुला?"

"कोण बर्लिनवाला? मी क्लाइनवाइडनची. माझ्याच वावरात पडला तो."

"म्हणून चोरायचा?"

"चोरीन कशाला? आणून दिला की. तुमच्या हातात आहे तो." म्हातारी मटकन खाली बसली, पण मांडीवरचा दगड तिनं सोडला नाही. "कारभारी न्यायला आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, देवानं धाडलेली वस्तू घरातून जाऊ द्यायची नाही. त्यांनी हा दुसराच पुढे केला. नवऱ्यानं क्रुसावर हात ठेवला. दोघंही गेले आता. मला तुरुंगात घालायचं तर घाला, पण हा घरी पोचवा, साहेब. कोबीच्या पिंपात वजनाला आभाळातला ठेवला की गंज उतरतो आणि सगळा कोबी काळा पडतो. हा आजेसासूंच्या वेळेपासून मिठाच्या पाण्यात बुडालेला. याचा दाब असल्याशिवाय कोबी नीट आंबतच नाही."