रुमालाखालचा सौदा

फाटकाच्या आत लाठ्या, बाहेरही लाठ्या. आणि मधल्या वाटेने लेक भाविका आता कोणत्याही क्षणी शाळेतून सायकलवर येणार. गॅलरीत उभ्या असलेल्या हितेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं.

गंमत म्हणजे, दोन्हीकडची माणसं त्यानेच आणलेली. देवपुरातल्या त्यांच्या कॉलनीशेजारी पोलीस चौकी होणार होती, तेव्हा सभेत तोच ताडताड बोलला होता, "सरकार हवंय कशाला? रस्ता आपला, पाणी आपलं, पहाराही आपला ठेवू. पैसे टाका, काम घ्या. नाही पटलं, उद्या माणूस बदला. बाजारासारखा न्याय नाही!" टाळ्या पडल्या. चौकी बारगळली. पहाऱ्याचा ठेका घेतलेल्या अभिमनची माणसं फाटकावर बसली.

वर्षभरात अभिमन फाटकाचा धनीच झाला. कोणाकडे कोण आलं, कोणाची मुलगी कुठे चालली, सगळ्या चौकश्या त्याच्या. परवा त्याने भाविकालाच अडवून ठेवलं. पोर रडत घरी आली. हितेंद्रचं डोकं फिरलं. पटत नाही ना? मग बदलू! त्याने जळगावहून उखर्डूची माणसं ठरवली. ती आज दुपारी आलीही. अभिमन मात्र जागचा हलेना.

"अहो, बघताय काय? पोलिसांना फोन करा!" त्याची बायको रूपाली मागून ओरडली.

"करतो, करतो," म्हणत तो धावतच खाली उतरला. मोबाइलवर नंबर लावू लागला. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. भाविका वळणावर येऊन थबकली होती. लाठ्या वर झाल्या. देवा, माझी पोर! 

अभिमनने हात वर केला. लाठ्या थांबल्या. उखर्डू पुढे आला. अभिमनने खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला आणि खाली बोटं चालू लागली.

हितेंद्रचा जीव भांड्यात पडला. ती बोटांची भाषा त्याच्या ओळखीची होती. त्याचे आजोबा, रतिलालनाना, बैलबाजारातले दलाल. सुट्टीत तो त्यांच्याबरोबर जायचा. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तिसऱ्याला पत्ता लागायचा नाही. सौदा झाला की जुना धनी नव्या धन्याच्या हाती दोरी द्यायचा आणि देता देता जनावराची खोड खरीखरी सांगायचा. खोटं बोलणाऱ्याला पुढच्या बाजारी कोणी उभं करत नसे. ना कागद, ना कोर्ट! सभेत त्याने हाच तर दाखला दिला होता.

त्याने मोबाइल खिशात टाकला आणि वर पाहून रूपालीला म्हणाला, "बघितलंस? आपलं आपल्यात मिटतं!"

रुमाल निघाला. दोघेही हसत होते. भाविका सायकल ढकलत आली आणि बापाला बिलगली. उखर्डूची माणसं आत शिरली आणि हितेंद्रच्या ओळीतल्या एकेका दारापुढे उभी राहू लागली. अभिमनची माणसं समोरच्या ओळीकडे वळली. फाटक कोणीतरी आतून लावून घेतलं.

"काय ठरलं?" हितेंद्रने विचारलं.

उखर्डूचा एक माणूस त्याला बाजूला सारून त्याच्याच दारापुढे उभा राहिला.

"अरे, तुम्हाला मी आणलंय! पैसे मी देतो! काय ठरलं, विचारतोय मी!" त्याचा आवाज चिरकला. भाविकाने त्याचा हात घट्ट धरला.

अभिमनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. चालता चालता त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि उखर्डूला म्हणाला, "जरा बडबड्या शे. पन मारका नही. लई जा."