दोन टनांच्या खाली

बंदुकीचा दस्ता बरगडीत बसला तसा धवल फरशीवर आडवा झाला. दुसरा तडाखा पाठीत बसला, तेव्हा त्याच्या तोंडातून आवाजही निघेना.

"उठ," लालासाहेब म्हणाले. "माझं पोरगं ह्याच्यापरीस लय चेंगारलं व्हतं."

मलकापूरजवळचा हा म्हातारा मोठा खमक्या गडी. फौजेत सुभेदार होता. त्याचा एकुलता एक मुलगा शिवतेज समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. गेल्या महिन्यात जहाजातून वर उचललेला कंटेनर तारेची स्लिंग, म्हणजे माल टांगायचा दोर, तुटून त्याच्या अंगावर पडला. घरी आली ती बंद पेटी. आईला पोराचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्या दिवसापासून माउलीच्या पोटात धड घास नाही, आणि म्हातारा पेटलेला.

धवल त्या कंपनीचा खरेदी अधिकारी. विहिरीवर लागणारा माल, अगदी नटबोल्टापासून स्लिंगांपर्यंत, त्याने घ्यायचा, तपासायचा आणि जहाजावर चढवायचा. तुटलेली स्लिंग त्यानेच पास केली होती. ती बनली होती सांगलीबाहेरच्या ह्याच शेडमध्ये. सुट्टीचा दिवस बघून म्हाताऱ्याने बंदुकीच्या धाकावर त्याला घराबाहेरून उचलून इथे आणलं होतं.

शेडचा मालक जयराज हाताची घडी घालून बाजूला उभा होता. शटर त्यानेच उघडून दिलं होतं. म्हाताऱ्याचा राग साहेबावर निघतोय तर निघू दे, आपल्याला काय!

"अहो, मी नमुने तपासले होते," धवल कण्हत म्हणाला. "ताण देऊन बघितले. सगळे पास झाले. मागाहून ह्याने भलताच माल पाठवला असेल तर मी काय करू?"

"खोटं बोलतोय," जयराज म्हणाला. "माझा माल एक नंबर हाय, लालासाहेब. ह्यानंच कुठनं तरी भंगार आणून त्यात मिसळलं आसंल."

म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "जयराज, तुझी एक स्लिंग घे. त्यो दोन टनांचा ठोकळा टांग क्रेनला. खाली साहेब उभा ऱ्हाईल. माल चांगला आसंल तर तुटायची न्हाई."

धवलने हात जोडले, घरी बायको क्षमा वाट बघतेय म्हणून सांगितलं, म्हाताऱ्याचे पाय धरले. म्हाताऱ्याने त्याच पायाने त्याला लाथाडलं.

भिंतीलगतच्या रॅकवर चाळीसेक स्लिंगा टांगलेल्या होत्या, सगळ्या नव्याकोऱ्या, एकसारख्या चकचकीत. जयराज त्यांच्यासमोर क्षणभर थांबला. मग पुढे जाऊन त्याने कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं आणि आतली एक स्लिंग काढली. धवलने ते बघितलं. विनवण्या थांबवून तो शेडच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

ठोकळा वर गेला. क्रेन घरघरत सरकली आणि तो नेमका धवलच्या डोक्यावर येऊन थांबला. धवलने डोळे मिटून घेतले. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. स्लिंगेतून करकरही निघाली नाही.

"बघितलं न्हवं?" जयराज म्हणाला. "एक नंबर माल."

"बघितलं की," लालासाहेब म्हणाले. "साहेब, या बाहेर."

धवल रांगतच बाहेर आला. म्हाताऱ्याने बंदूक जयराजच्या छातीवर रोखली.

"समद्या स्लिंगा एकसारख्या. मग हाताजवळची सोडून कपाट कशापायी उघडलंस रं?"

जयराज मागे सरकत भिंतीला टेकला.

म्हाताऱ्याच्या हुकमावरून धवलने जयराजचे हातपाय बांधून त्याला मधोमध आडवं टाकलं. रॅकवरची पहिलीच स्लिंग ठोकळ्याला लागली. क्रेनचा रिमोट म्हाताऱ्याने हातात घेतला. ह्या वेळी ठोकळा वर जाताना तारा कुरकुरल्या, एकदोन ताडकन तुटून बाहेर आल्या. ठोकळा जयराजच्या वर आला तेव्हा त्याची चड्डी ओली झाली होती.

"सांगतो, सांगतो," तो रडत म्हणाला. "बंदरावरचे टाकून दिलेले दोर हायती. धुऊन, टोकं नवी दाबून इकले मी. चुकलो, लालासाहेब. पाया पडतो तुमच्या."

बंदुकीची नळी हळूहळू खाली गेली. मग म्हाताऱ्याने डोळे पुसले.

"मला एवढंच ऐकायचं व्हतं," तो म्हणाला. "पोरगं काय परत यायचं न्हाई. ह्याला मारून त्याच्या आईच्या पोटात घास जायचा न्हाई. ह्येला आता पोलिसांच्या हवाली करू." त्याने रिमोट धवलच्या हातात दिला. "साहेब, लय मारलं मी तुमाला. माफ करा. ह्यो ठोकळा तेवढा बाजूला घ्या. आत रेंज न्हाई, मी भायेर जाऊन फोन लावतो."

म्हातारा शटरखालून वाकून बाहेर गेला. त्याचा आवाज आत येत होता. कबूल झालाय, लगेच या, असं तो सांगत होता.

जयराजने रडं आवरलं. मान वळवून त्याने धवलकडे बघितलं.

"मी एकटा जाणार न्हाई, साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "कपाटातले नमुने तपासायचे, रॅकला हात लावायचा न्हाई, असं आपलं ठरलं व्हतं. विश्रामबागंतला फ्लॅट काय फुकट दिला व्हय तुमाला? समदं सांगणार मी पोलिसांना."

धवलने एकदा शटरकडे बघितलं. मग रिमोटचं बटण दाबलं. ठोकळा हिसक्यासरशी वर गेला, खाली आला. परत वर, परत खाली. एकेक तार सुटत गेली, आणि मग सगळ्याच सुटल्या.

"लालासाहेब, धावा!" धवल जिवाच्या आकांताने ओरडला. "बाजूलाच घेत होतो हो, स्लिंग तुटली."