इंद्रायणीतला मोशे

लाउडस्पीकरवर गाणं सुरू झालं की शालन त्याबरोबर ओठ हलवी, आणि ‘माझ्या सोनुल्या’ आलं की ‘माझ्या’पाशी तोंड मिटून घेई. पुन्हा तसंच झालं तेव्हा सयाजीरावांनी हात वर करून कॅमेरा थांबवला.

चित्रपट मोशेचा होता. राजाने पोरं मारायचा हुकूम काढल्यावर आई बाळाला टोपलीत घालून नदीत सोडते, तेवढा प्रसंग निघोजे गावाजवळ, इंद्रायणीच्या लव्हाळ्यात घ्यायचा होता. बाळासाठी दिग्दर्शक सयाजीरावांनी चिंचवडपासून पोरं बघितली होती. चांदीचा कागद लावलेल्या फळ्या तोंडावर ऊन फेकू लागल्या की सगळी रडत. शालनचा दगडू तेवढा त्या उजेडाकडे बघून हसला, आणि तिच्या नवऱ्याने, मालोजीने, तिला न विचारता हो म्हणून टाकलं. पुण्याहून आलेल्या नटीने मांडीवर घेताच मात्र दगडू किंचाळला. मग नटीचा निळा झगा शालनच्या लुगड्यावर चढवला गेला. तोंड एका बाजूने दिसेल, ओठ नीट हलले म्हणजे झालं, असं तिला सांगण्यात आलं.

सयाजीराव पाण्यापर्यंत आले. शब्द अवघड आहे का, त्यांनी विचारलं. शालनने नाही म्हणून मान हलवली. लाजू नकोस, म्हणाले. त्यावर तिला सांगावं लागलं. आधीची दोन पोरं दात यायच्या आत गेली. म्हणून दगडू झाला तेव्हा तिने त्याला सुपात घालून शेजारच्या ताजुन्निसाच्या उंबऱ्यावर ठेवलं, कारण ताजुन्निसाची सगळी जगली होती. मग मूठभर कण्या देऊन तिच्याकडून परत आणलं. जावळ होईपर्यंत पोर ताजुन्निसाचं. शालन नुसती दूध पाजणारी. आईने तोंडाने माझं म्हटलं, की आधीची दोन ज्याने नेली त्याला पत्ता लागतो.

“बाई, हे सोंग आहे,” सयाजीराव म्हणाले. “टोपलीत मोशे आहे. तो कुठे तुझा?”

“मोशेचं कोन म्हनतंय? टोपलीत तर ह्योच हाय.”

काठावरची माणसं हसली. सयाजीराव हसले नाहीत. त्यांनी एकदा उन्हाकडे बघितलं, मग टोपलीची दोरी धरून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाशी जाऊन हळू आवाजात काही बोलले. आणखी एकाला त्यांनी खालच्या अंगाला, लव्हाळ्याआड पाठवलं. बांबूला बांधलेला माइक पुढे घ्यायला सांगितला. शालनने हे सगळं बघितलं. सिनेमाचं काही काम असेल, असं तिला वाटलं.

ताजुन्निसा काठावर बसली होती. पोर तिचं, तेव्हा तिने हजर राहणं भाग होतं. पण मोशे म्हणजे मूसा पैगंबर, आणि पैगंबराचं सोंग डोळ्यांनी बघू नये, असं तिच्या नवऱ्याने, नूरमोहम्मदने, घरून निघतानाच बजावलं होतं. म्हणून कॅमेरा सुरू झाला की ती नदीकडे पाठ करी आणि झालं की सांग म्हणे. गोष्ट मात्र तिला ठाऊक होती. त्याच्या आईने सोडला, पण अल्लाने दूध प्यायला तिच्याकडेच परत धाडला, असं तिने सकाळी सांगितलं, तेव्हा कुठे शालन पाण्यात उतरायला तयार झाली होती.

गाणं पुन्हा सुरू झालं. शालनने वाकून टोपली पाण्यावर ठेवली. ओठ हलले, मिटले, हलले. टोपली संथपणे पुढे गेली. दोरी संपेल तिथे ती थांबायची होती. थांबली नाही. लव्हाळ्याच्या कडेला एक गिरकी घेऊन ती धारेला लागली. दोरीवाला रिकाम्या हातांनी उभा होता. गाणं मध्येच बंद पडलं.

शालनने काठाकडे बघितलं. ताजुन्निसाची पाठ होती.

“माझा दगडू!” शालन ओरडली. “माझं लेकरू चाललं, धरा.”

खाली लव्हाळ्यातून दुसरा माणूस पुढे झाला आणि त्याने टोपली अलगद धरली. दगडू कोरडा होता, मूठ चोखत होता.

सयाजीराव बुटांसकट पाण्यात आले. जिवाला काही धोका नव्हता, माणूस आधीच उभा केला होता, म्हणाले. असा आवाज कुठल्याही नटीला काढता आला नसता, हेही म्हणाले. शालन माइककडे बघत होती. आपला आवाज त्यात गेला का, तिने विचारलं. गेला, ते म्हणाले. पुसता येईल का, तिने विचारलं.

“पुसायचा कशाला? गावोगाव ऐकतील लोक.”

“येकदाच ना?”

“एकदाच कसा? जितके खेळ, तितक्या वेळा.”

म्हणजे आधीची दोन नेणाऱ्याला तितक्या वेळा पत्ता लागणार, एवढंच शालनला कळलं. काठावर येऊन तिने झगा उतरवला आणि घडी करून दगडावर ठेवला. कोणीतरी दगडूला आणून ताजुन्निसाच्या हातात दिलं होतं. तो आता तोंड वळवून पदर शोधत होता. ताजुन्निसाने त्याला पुढे केलं.

“घे गं, भुकेला हाय.”

शालनचे हात उठले नाहीत.

“तुमचं हाय, भाबी. तुमीच घ्या.”

माझं दूध आटून वर्षं झाली, ताजुन्निसा मागून सांगत होती. तोवर शालन गावाच्या वाटेला लागली होती. दगडू आधी कुरकुरला, मग टाहो फोडून रडू लागला. ती वळली नाही. तिची चोळी दोन्हीकडून दुधाने भिजत चालली होती. तिने पदर घट्ट ओढून घेतला आणि पाय उचलला.