पिंपातला दरोडेखोर

पिंपात गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो आणि खोटी मिशी नाकात टोचत होती. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा दरोडेखोर मी. आमच्या विनोदी बालनाट्यात फौजदार मला शोधत येतो, मुलांना पत्ता विचारतो आणि मुलं दर प्रयोगाला त्याला भलतीकडेच पिटाळतात.

पोलीस वसाहतीतली पोरं मात्र एका सुरात ओरडली, “पिंपात आहे! पिंपात!”

इथेच पकडला गेलो तर पुढचा तासभर काय करायचं? फौजदाराने बहिऱ्याचं सोंग घेतलं, पडद्यामागे शोधलं, टोपी पाडली, पोरं हटेनात. शेवटी एक चिमुरडी स्टेजवर चढून पिंप बडवायला लागली.

“अगं, तो चांगला दरोडेखोर आहे,” फौजदार काकुळतीला आला. “कशाला पकडून देतेस?”

“तो सापडला की तुम्ही घरी जाल ना,” ती म्हणाली. “माझ्या पप्पांचा चोर अजून सापडलाच नाहीये. चार दिवस झाले.”

मी झाकण ढकलून उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढे केले.

“घाला बेड्या, फौजदारसाहेब,” म्हटलं, “आणि घरी जा.”