बुरुजातलं स्टूल

विद्यापीठातली ती जुनी दगडी इमारत किल्ल्यासारखीच बांधलेली होती. इतिहासाच्या बाईंची खोली बुरुजाच्या टोकाला, बहात्तर पायऱ्यांवर. तिथे शत्रू काय, विद्यार्थीही फिरकत नसत. बाईंचं वय झालं म्हणून शिपायाने मधल्या वळणावर स्टूल ठेवलं. रोज बाई पुढे आणि वह्यांची जड पिशवी घेऊन तो मागे. पिशवीला बाईंना तो हातही लावू देत नसे. स्टुलापाशी आल्या की बाई टेकायच्या. "दमले हो!" पिशवी ठेवून तोही खिडकीशी उभा राही, धाप ओसरेपर्यंत. नऊ वर्षं हे चाललं. बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी वह्याच नव्हत्या, म्हणून तो आधीच वर जाऊन थांबला. कठड्यावरून वाकून पाहतो तर बाई स्टुलाकडे ढुंकूनही न बघता झपाझप वर येत होत्या. "बाई, आज बसला नाहीत?" "आज पिशवी कुठे होती तुमच्या हातात?"