मोडेमवरचा फुकट्या

शेजारच्या घाणेकरांबरोबर भागीत घेतलेलं इंटरनेट रोज संध्याकाळी रांगायला लागायचं. घाणेकरांनीच कुणातरी फुकट्याला पासवर्ड वाटला असणार, अशी दिगंबरची खात्री. मोडेमला जोडलेले फोन लॅपटॉपवरच्या यादीत नावांऐवजी नुसत्या आकड्यांनी दिसत होते, म्हणून त्यानं एकेक तोडायला घेतला. ज्याचं नेट जाईल तो ओरडेल. चोर आपसूक सापडेल.

पहिला तोडला. “बाबा, माझी मॅच!” लेक किंचाळली. दुसरा तोडला. “दिगंबरराव, तुमच्याकडं तरी आहे का हो नेट?” भिंतीपलीकडून घाणेकर. दोन्ही पुन्हा जोडून त्यानं तिसरा तोडला आणि कान टवकारले.

दार उघडलं ते वडिलांच्या खोलीचं. बटणांचा फोन मिरवणारे अण्णा नवाकोरा स्मार्टफोन धरून बाहेर आले. पडद्यावर दिगंबरच्या थोरल्या भावाचा चेहरा हसता हसता थिजला होता. त्याचं नाव या घरात काढायचं नाही, असं अण्णांनीच बजावलेलं.

“नेटला काय झालं रे?” अण्णा खालमानेनं पुटपुटले.

“घाणेकरांचा घोळ असणार. बसा तुम्ही, आता पळेल,” म्हणत दिगंबरनं तिसरा पुन्हा जोडला आणि बाकीचे सगळे तोडले.