आरसा ठीक आहे

बाबांची पाव पोचवायची व्हॅन माझ्याहून एका वर्षाने मोठी. गेल्या वर्षीच्या तपासणीत ती एका वायपरपायी नापास झाली आणि आठवडाभर घरी बसली. यंदा मात्र मी आदल्या दिवशीच वही घेऊन हात धुऊन तिच्या मागे लागले. दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर, गंजलेला पत्रा, आरसे. सगळं तपासून एकेकापुढे बरोबरची खूण केली.

तपासणीच्या मॅडमनी सगळं पाहिलं. शेवटी बाबांच्या सीटवर बसल्या, आजवर तपासणीत कुणी बसलं नव्हतं, आणि आतल्या आरशात बघून थबकल्या.

"यात मागचा रस्ता कुठाय? नुसती मागची सीट दिसतेय. सरळ करा."

"हलत नाही तो," बाबा पुटपुटले. "मीच चिकटवलाय."

"कशासाठी?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही मागे बसून झोपायची हो. वळणावर डोकं काचेवर आपटायचं."

"अहो, ही आता केवढी झालीये."

"हो ना," बाबा म्हणाले. "आता झोपत नाही, डोकं खाते."

मॅडमनी हसू दाबलं. "अर्ध्या तासात नीट करून आणा, नाहीतर नापास." मग त्यांची नजर माझ्या वहीवर गेली. "आणि तू गं? आरशापुढे खूण कशी केलीस?"

मी तो माझ्या नेहमीच्या जागेवर, मागे बसून तपासला होता. बाबांचे डोळे अगदी स्वच्छ दिसत होते.